धनी कोणाचा

सिरि पाद्री होऊन गावात आला त्याला नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांत अख्ख्या वाए लेरोंगने त्याला 'तुआंग', म्हणजे साहेब, म्हणून हाक मारली. शेंबडी पोरंसुद्धा वाट सोडून कडेला उभी राहायची. फक्त त्याच्या बापाने, नाबासने, पहिल्या दिवशी जे म्हटलं तेच नवव्या दिवशीही म्हटलं, "सिरि, कॉफी निवतेय."

वेरोला त्याचं बरंच वाटत होतं. आई गेली तेव्हा सिरि सात वर्षांचा होता आणि ती पंधराची. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला सेमिनरीत पोचवण्यापर्यंत सगळं तिनेच केलेलं. तिचं सासर अंगणापलीकडेच होतं, त्यामुळे हे घर तिच्या हातून कधी सुटलंच नव्हतं. रविवारी गावच्या चर्चमध्ये सिरिची पहिली मिस्सा, त्याला जोडून सुगीचा सण, पेन्ती. दोन डुकरं बांधून ठेवलेली, मामाकडचे पाहुणे शनिवारी येणार. शुक्रवारी दुपारी ती बापाच्या घरी तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा सिरि आत आला आणि नाबाससमोर चटईवर मांडी घालून बसला. नाबास माडाच्या काथ्याचा दोर वळत होता.

"बाबा, एक मागणं आहे."

"बोल."

"रविवारी मिस्सेत अर्पणाच्या वेळी तुम्ही पुढे यावं. हातात कोंबडा घेऊन पेन्तीची प्रार्थना म्हणावी. वेदीसमोर."

नाबासचे हात थांबले नाहीत. "कुठली प्रार्थना?"

"आभाराची. पीक घरात आल्यावर तुम्ही म्हणायचात ती."

"ती सैतानाची आहे ना?"

वेरोने सूप खाली ठेवलं.

"बाबा, आता तसं कोणी म्हणत नाही," सिरि म्हणाला. "रोमला मोठी सभा झाली. लोकांनी आपापल्या भाषेत, आपापल्या शब्दांत देवाची प्रार्थना करावी असं ठरलंय. बिशपांचं पत्रही आलंय."

"पत्र आलंय!" नाबासने दोर बाजूला टाकला. "अगं वेरो, ऐकलंस का? पत्र आलंय. तेवीस वर्षांनी धन्याला परवानगी मिळाली. आता त्याने आमचं ऐकायला हरकत नाही."

"बाबा, तसं नाही..."

"मग कसं? तू सहा वर्षांचा होतास, तुला काय आठवणार. तीन वर्षं उंदरांनी आणि पावसाने पीक खाल्लं. चौथ्या वर्षी भात असं आलं की कणग्या पुरेनात. मी घरातला थोरला. पाराच्या दगडावर उभा राहिलो, कोंबडा हातात घेतला आणि ज्याने दिलं त्याला म्हटलं, मिळालं रे बाबा, पोचलं. एवढंच. दुसऱ्या रविवारी तुमचा गोरा पाद्री सगळ्यांसमोर म्हणाला, हा माणूस दगडाची पूजा करतो. दगडाची! दगडावर पूर्वज बसतात, आमचे निरोपे आहेत ते. निरोप जातो तो धन्याकडे. तुम्ही टेबलावर रोटी ठेवता, मग टेबलाची पूजा करता काय?"

त्याने बाजूला टाकलेला दोर पुन्हा ओढून घेतला.

"आणि हे 'मोरिन' नाव, ज्याने तू रोज मिस्सेत देवाला हाक मारतोस, ते कुठून आलं? रोमहून? माझ्या आजोबांकडून आलं. पहिला पाद्री आला तेव्हा तीन दिवस आमच्या मळ्यात बसून विचारत होता, म्हाताऱ्या, सगळ्यांच्या वर जो आहे, ज्याने घडवलं, ज्याचं हे सगळं आहे, त्याला तुम्ही काय म्हणता? आजोबा म्हणाले, मोरिन. धनी. त्याने वहीत लिहून घेतलं. आमच्याकडून नाव नेलं, ते चर्चवर लावलं आणि आम्हालाच सांगितलं, तुम्हाला तो ठाऊक नाही!"

म्हाताऱ्याने चर्चच्या दिशेने बोट केलं. "तुमच्या दारात गुडघे टेकून माफी माग म्हणाले. कशाची माफी मागू? जेवू घातलंस, आभारी आहे, असं म्हटल्याची? नाही टेकले. आणि आता तुझ्या मिस्सेला शोभा हवी म्हणून कोंबडा घेऊन येऊ? जा. मला दोर संपवायचाय."

सिरि उठला. वेरो त्याच्या मागोमाग झऱ्यापर्यंत गेली. भांडं भरता भरता तिने विचारलं, "आईकडे जाऊन आलास?"

"पहिल्याच दिवशी. पहाटे गेलो, प्रार्थना म्हटली."

"कुठे उभा राहून?"

"दफनभूमीत. कुंपणापाशी."

"कुंपणाच्या आत?"

सिरिने झग्याची कड झटकली.

"म्हणजे आई बाहेर आणि तू आत," वेरो म्हणाली. "चार बोटांचं बांबूचं कुंपण, तेही तुला ओलांडता आलं नाही होय रे? बाहेर गवतात गुडघाभर ओलं होतं, झगा भिजला असता." तिने भांडं डोक्यावर घेतलं आणि त्याच्यासाठी न थांबता चालू लागली.

*

लाम्बेर्तुस चर्चच्या व्हरांड्यात बाकावर बसून सिरिची वाट पाहत होता. नाबासचा तो धाकटा भाऊ, तीस वर्षं या भागातला धर्मशिक्षक. सिरिला अक्षरं त्याने गिरवायला लावली, सेमिनरीसाठी शिफारस त्याने केली. मुलगा नाबासचा असला तरी पाद्री आपण घडवला, असं त्याला मनापासून वाटायचं आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. सिरिचा चेहरा पाहूनच त्याला कळलं.

"नाही म्हणाला ना? मला ठाऊक होतं. तो दगड झालाय."

"काका, त्यांचं चुकलंय असं मला म्हणता येत नाही."

"म्हणू नकोस. पण मिस्सा थांबते का कोणावाचून? मी म्हणतो. एकाच बापाची मुलं आम्ही. वडील म्हणायचे तेव्हा दोघेही मांडीला मांडी लावून ऐकायचो. मला अजून पाठ आहे." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "लिहूनसुद्धा काढलीय. इथल्या पाद्रीसाहेबांना कालच दाखवली. त्यांना आवडली. एकच ओळ काढायला सांगितली."

सिरिने कागद घेतला. काकाच्या गोलगोल अक्षरांत आजोबांचे शब्द होते. खाली भूमी, वर आभाळ. खाली आई, वर बाप. तिकडे उगवती, इकडे मावळती. वर नदीचं डोकं, खाली नदीचे पाय. धन्याला अशा जोड्यांनीच हाक मारायची, म्हणजे तो कुठल्याही टोकाला असला तरी ऐकतो. दुसऱ्या ओळीतल्या 'खाली आई' वर लाल पेन्सिलीची रेघ होती.

"हे का?"

"ते म्हणतात, देव बाप आहे हे ठीक. आई म्हटलं की भूमीची पूजा वाटते. लोकांचा गोंधळ होईल. आणि खरंय ते." लाम्बेर्तुसने खांदे उडवले. "एका शब्दाने काय होतंय?"

सिरिला म्हणायचं होतं की बरंच काही होतं. पण पाहुण्यांना बोलावणी गेली होती, बिशपांच्या कचेरीला कळवून झालं होतं, आणि झऱ्यावरचं अक्काचं बोलणं अजून कानशिलावर तापत होतं. आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत हे त्याला त्या क्षणी सांगता आलं नसतं. त्याने कागद परत दिला.

"बरं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणा."

लाम्बेर्तुसला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. घरी जाताना तो पाराजवळून गेला. गावच्या मधोमध नुसता गोल मातीचा उंचवटा राहिला होता. त्याचे दगड गोऱ्या पाद्रीने चर्चच्या पायऱ्यांसाठी काढून नेले आणि ते नेणाऱ्या माणसांवर देखरेख लाम्बेर्तुसनेच केली होती. आपण आज्ञा पाळली, त्याने स्वतःला सांगितलं. हे वाक्य तो तेवीस वर्षं स्वतःला सांगत होता.

*

शनिवारी दुपारी मामाकडची माणसं आली. मुलगी देणाऱ्या घराचा मान इकडे सगळ्यांत मोठा. त्यांच्यापुढे मोठ्याने बोलायचं नाही, त्यांचा पेला रिकामा ठेवायचा नाही. तागुंगमामा म्हणजे नीमुतचा, सिरिच्या आईचा, थोरला भाऊ. वय सत्तरीचं, पण डोंगर उतरून चार तास चालत आलेला. ढोलघराच्या, गावच्या बैठकीच्या घराच्या, मधल्या खांबापाशी त्याला मानाची चटई घातली. नाबास, लाम्बेर्तुस, सिरि, सगळे समोर बसले. रीतीप्रमाणे पांढरा कोंबडा आणि ताडीचं मडकं पुढे ठेवून स्वागताचे शब्द झाले. मामाने पेला हातात घेतला.

"भाच्याने नाव काढलं," तो म्हणाला. "उद्या प्रार्थना कोण म्हणणार? भाऊजी, तुम्हीच ना?"

नाबास म्हणाला, "मी नाही."

"मग?"

"मी म्हणतोय, दादा," लाम्बेर्तुस म्हणाला.

मामाने पेला ओठाला न लावता तसाच खाली ठेवला. स्वयंपाकाकडून आणलेलं रताळ्यांचं ताट घेऊन वेरो दारात थबकली. पाहुण्याने पेला न पिता ठेवणं म्हणजे काय, हे तिथल्या लहान मुलालाही कळत होतं.

"तू," मामा म्हणाला. "ज्याच्या बोटाने माझ्या बहिणीचा खड्डा कुंपणाबाहेर दाखवला, त्याच्या तोंडून उद्या धन्याचे आभार? आणि मी पुढच्या बाकावर बसून ते ऐकायचं?"

"दादा, ते बोट माझं असलं तरी हुकूम माझा नव्हता. या घरावर बंदी होती. नियम होता."

"नियम कोणी केला? धन्याने?"

"त्या वेळच्या पाद्रीसाहेबांनी..."

"पाद्री गेला आपल्या देशाला. मेलाही असेल. तू इथेच आहेस. ताप चढला तेव्हा तिने पाद्रीला बोलवायला सांगितलं होतं. तिला नव्हतं कोणाशी भांडण. तुझ्याकडे माणूस आला. गेलास का तू बोलवायला?"

लाम्बेर्तुस खाली बघत म्हणाला, "नाही."

"खांदा दिलास?"

"नाही." मग एकदम त्याचाही आवाज चढला. "वहिनी होती ती माझी! तिच्या हातचं जेवलोय मी. तुम्हाला वाटतं मला काहीच झालं नाही? घरात बसून रडलो मी."

"घरात बसून रडलास. वा! माझी बहीण बाहेर आणि तू घरात." मामा सिरिकडे वळला. "आणि तू, तुआंग? तूच निवडलंस ना याला? पुस्तकं पुष्कळ वाचलीस म्हणे. त्यात असं लिहिलंय का, की जेवण मिळाल्यावर वाढणाऱ्याचं नाव घेतलं तर बायकोला कुंपणाबाहेर पुरतात?"

सिरि म्हणाला, "मामा, त्या वेळी चर्चला वाटत होतं..."

"चर्चला वाटत होतं!" नाबास उसळला. "चर्च कोण? हा जेरामु!" भावाचं बाप्तिस्म्याआधीचं नाव त्याने तेवीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. "घरातलं चुगलीखोर पोर होतं, त्याचं झालं चर्च!"

"पुरे, बाबा," दारातून वेरो म्हणाली.

तिने ताट खाली ठेवलं. मामासमोर बायकांनी मध्ये बोलायचं नसतं, पण ती आत आली.

"काकाने वाईट केलं. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तुम्ही? तुम्ही एकदा गुडघे टेकले असते तर आई आत असती. ती तुम्हाला म्हणाली होती, मी होते तिथे. म्हणाली, टेका हो, धनी काय रागावणारे होय, त्याला ठाऊक आहे तुमच्या मनात काय आहे. तुम्ही म्हणालात, माझ्या तोंडून त्याला सैतान म्हणवणार नाही. धन्याचं नाव तुम्ही राखलंत. आईचं काय राखलंत?"

नाबास मुलीकडे बघत राहिला. त्याच्या तोंडात उत्तर होतं, वर्षानुवर्षं तयार ठेवलेलं. पण ते पाद्रीसाठी होतं, भावासाठी होतं. मुलीसाठी ते नव्हतं. तो उठला, मामासमोर वाकला आणि शिडी उतरून निघून गेला.

"पोरी," मामा म्हणाला, "बोललीस ते ठीक बोललीस. पण ज्याला दारात गुडघे टेकायला लावलं जातं त्याच्यावर आधी रागवायचं, की लावणाऱ्यावर?"

"दोघांवर," वेरो म्हणाली आणि ताट उचलून सगळ्यांपुढे रताळी ठेवायला लागली. मामाने एक रताळं घेतलं. ताडीचा पेला मात्र निघेपर्यंत तसाच भरलेला राहिला.

*

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडच्या तीन गावांतले लोक आले होते. नाबास आला नव्हता. तागुंगमामा पुढच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता, शेजारी वेरो. पाद्रीसाहेब वेदीच्या बाजूला खुर्चीवर बसून कौतुकाने पाहत होते.

अर्पणाची वेळ झाली तशी लाम्बेर्तुस डोक्याला फेटा, कमरेला विणलेलं काळं वस्त्र अशा पूर्ण वेशात पांढरा कोंबडा घेऊन पुढे आला. पूर्वजांचे शब्द कागद बघून वाचायचे नसतात, म्हणून कागद त्याने घरीच ठेवला होता. त्याचा आवाज खणखणीत होता, बापासारखा.

"ऐक हे धनी, घडवणाऱ्या, आकार देणाऱ्या. खाली भूमी, वर आभाळ..."

मागच्या बाकांवरून म्हाताऱ्यांनी रीतीप्रमाणे हुंकार दिला.

"...वर बाप..."

तो थांबला.

हुंकार द्यायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. ओळ लंगडी पडली होती. लाम्बेर्तुसने पुन्हा सुरुवात केली, "खाली भूमी, वर आभाळ, वर बाप..." आणि पुन्हा तिथेच. पुढे काय? मांडीला मांडी लावून ऐकलेले शब्द एकमेकांचे हात धरून यायचे. एकाचा हात सोडवल्यावर मागची सगळी रांग अंधारात उभी राहिली होती. त्याने ओठ ओले केले. कोंबड्याने पंख फडफडवले.

त्या चर्चमध्ये पस्तिशीच्या पुढचे जे होते त्या प्रत्येकाला पुढची ओळ येत होती. सिरि वेदीवरून त्यांचे चेहरे बघत होता. मामाला येत होती. अक्काला येत होती, तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. कोणीही शब्द पुरवला नाही. एकाने तरी खोकावं, कुजबुजावं, तसंही झालं नाही. दोनशे माणसं आणि पोरं श्वास धरून एका म्हाताऱ्याकडे नुसतं बघत होती आणि लाम्बेर्तुसच्या कानापासून गळ्यापर्यंत घाम उतरत होता. पाद्रीसाहेबांनी सिरिला डोळ्यांनी खूण केली, आटप, पुढे चल.

सिरि वेदीवरून खाली आला. काकाच्या हातातला कोंबडा त्याने घेतला.

"काका, बसा," तो हळूच म्हणाला. मग लोकांकडे वळला. त्याने लिहून आणलेलं प्रवचन आत वस्त्रांच्या खोलीत राहिलं होतं, आणि ते आता उपयोगाचंही नव्हतं.

"पुढची ओळ तुम्हाला येते," तो म्हणाला. "तुम्ही सांगत नाही, आणि तुमचं बरोबर आहे. ही प्रार्थना ज्यांनी म्हणायची ते इथे नाहीत. माझ्या वडिलांनी तेवीस वर्षांपूर्वी ज्याचे आभार मानले, तो हाच. याच नावाने मी रोज त्याला हाक मारतो. दुसरा कोणी नव्हता. त्यांना दगड पूजणारा म्हटलं गेलं. ते खोटं होतं."

पाद्रीसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "तुआंग सिरि..."

"ते खोटं होतं," सिरि पुन्हा म्हणाला, आता मोठ्याने. "या वेदीवरून बोललं गेलं म्हणून ते याच वेदीवरून खोटं म्हणतोय. आणि माझी आई पाद्री मागत मेली, तो आला नाही, आणि तिला आपण बाहेर पुरलं. पाप झालं. ते तिचं नव्हतं, माझ्या वडिलांचंही नव्हतं. आपलं होतं. माफी मागायला मला कोणी पाठवलेलं नाही. माझं वय एकोणतीस आहे आणि पाद्री होऊन मला महिना झालेला नाही. पण मी गेल्या आठवड्यात तिच्यासाठी प्रार्थना केली ती कुंपणाच्या आत उभा राहून. म्हणजे तेवढं पाप माझंही आहे."

कोंबडा काखेत तसाच धरून तो वेदीकडे वळला आणि मिस्सा पुढे चालवली.

*

दुपारी नाबास घरात बसला होता. वेरो येऊन चर्चमधलं सगळं सांगून गेली होती. कालपासून तो तिच्याशी बोललाच नव्हता. तिचा राग आला होता म्हणून नव्हे. ती म्हणाली ते नीमुत खरंच म्हणाली होती, त्याच शब्दांत, आणि ते आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही असं समजून तो तेवीस वर्षं जगला होता.

कोयत्यांचे घाव ऐकू यायला लागले. कोणीतरी बांबू तोडत होतं. आवाज दफनभूमीकडून येत होता. तो उठला.

मामाकडच्या सहा जणांनी डोंगरबाजूचं कुंपण उपटून काढलं होतं. कोणाला विचारलं नव्हतं. पाद्रीसाहेब चर्चच्या पायरीवर उभे राहून बघत होते, पण मुलगी देणाऱ्या घराच्या माणसांच्या हातात कोयते असताना त्यांना काय सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं. नीमुतच्या थडग्यापलीकडे दहा पावलांवर कुंपणाच्या खांबांसाठी नवे खड्डे खणले जात होते. सिरि झगा कमरेला खोचून खांब वाहत होता, घोट्यापर्यंत चिखल.

"भाऊजी," तागुंगमामा वळून न बघता म्हणाला, "हा खांब धरा. वाकडा जातोय."

नाबासने खांब धरला. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून माती लोटली, पायाने दाबली. मग दुसरा, मग तिसरा. बांधायला काथ्या कमी पडला तेव्हा लाम्बेर्तुस वाटेवरून खाली आला. अंगावर सकाळचाच वेश, फेटा काढलेला. हातात दोराचं भेंडोळं होतं. कामं थांबली.

"दादा," तो म्हणाला.

नाबासने त्याच्याकडे पाहिलं. रागाला वय नसतं, तो तितकाच ताजा होता. "दोर वेरोकडे दे," तो म्हणाला. "माझ्या हातात नको देऊस."

लाम्बेर्तुसने दोर वेरोला दिला. तिने तो घेतला, त्याच्याकडे न बघता. तो परत गेला नाही. वाटेच्या कडेला, पेरूच्या झाडाखाली उभा राहिला.

शेवटची गाठ बसेपर्यंत डोंगरावरून धुकं उतरलं होतं. लोक जमले होते, सकाळचेच. सिरिने पेरूच्या फांदीला बांधून ठेवलेला पांढरा कोंबडा सोडला आणि बापासमोर आणून धरला.

नाबासने कोंबडा घेतला. त्याचे पंख नीट केले. मग वेरोकडे बघून म्हणाला, "ती म्हणाली होती. खरं आहे. मला ऐकायला हवं होतं की नाही, ते मला अजून कळत नाही."

"मलाही नाही कळत, बाबा," वेरो म्हणाली.

तो नीमुतच्या थडग्याच्या पायथ्याशी उभा राहिला. घसा साफ केला. आधी धन्याला हाक मारली, मग त्याच्या सगळ्या टोकांना. खाली भूमी, वर आभाळ. खाली आई, वर बाप. तिकडे उगवती, इकडे मावळती. हुंकार आला तो इतका मोठा की पायरीवरचे पाद्रीसाहेब दचकले. मग आभार. भाताचे, मक्याचे, कॉफीच्या झाडांचे. परत आलेल्या मुलाचे, सोडून न गेलेल्या मुलीचे. आणि मग नेहमीच्या शब्दांत नव्हतं असं काहीतरी म्हणायला तो थांबला.

"तेवीस वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही," तो म्हणाला. "लोक म्हणाले, मी तुला ओळखत नाही. तू एकदाही त्यांना सांगितलं नाहीस की हा मला ओळखतो. तुझ्यावरही माझा राग आहे. तोही पोचू दे."

मागे कोणीतरी बाई मोठ्याने रडली. नाबासने प्रार्थना रीतीप्रमाणे पूर्ण केली, कोंबडा मामाच्या माणसांकडे दिला आणि सिरिचा दंड धरून त्याला आपल्या जागी उभं केलं.

"आता तू म्हण. मी काही फार दिवसांचा नाही, आणि कागदावर काढू देणार नाही."

सिरिने सुरुवात केली. दुसऱ्या जोडीला तो चुकला.

"पुन्हा," नाबास म्हणाला.

तो पुन्हा चुकला, या वेळी नदीपाशी.

"पुन्हा. आणि ओरडू नकोस. मिस्सेत ओरडतोस तसं इथे नको."

धुकं आणखी खाली आलं. बायका डुकराच्या स्वयंपाकाला निघून गेल्या, पोरं पळाली. मामा नव्या खांबाला टेकून विडा चघळत ऐकत होता. पाचव्या खेपेला सिरि नदीच्या पुढे सरकला. नाबासची नजर त्याच्या खांद्यावरून पेरूच्या झाडाकडे गेली. लाम्बेर्तुस तिथेच उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते, आवाज न करता, सिरिच्या बरोबरीने, एकही शब्द न गाळता.

नाबासने ते पाहिलं. भावाला थांबवावं असं त्याच्या मनात आलं, पण त्याने नजर सिरिकडे वळवली.

"पुन्हा," तो म्हणाला. "पहिल्यापासून."